मसल कारसाठी आफ्टरमार्केट हेडर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेडर म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, आणि आफ्टरमार्केट म्हणजे कारखान्यातून न येता वेगळा विकत मिळणारा. ही उत्तरं अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) गाड्यांसाठी आहेत: साठ-सत्तरच्या दशकातल्या कॅमारो, मस्टँग, चार्जरपासून आजच्या एलएस (जनरल मोटर्स), कोयोटी (फोर्ड) आणि हेमी (क्रायस्लर-डॉज) इंजिनांपर्यंत. हेडरच्या नळ्यांची मापं तिकडे इंचातच सांगतात, म्हणून इथेही तशीच ठेवली आहेत.

हेडर लावल्याने इंजिनात नेमकं काय बदलतं?

बिडाच्या मूळ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हेडरच्या जागी कारखान्यातून लावून येणाऱ्या भागात, चार सिलिंडरचा जळका वायू एकाच आखूड पोकळीत येऊन आदळतो. एका सिलिंडरने जोरात बाहेर फेकलेला वायू शेजारच्या सिलिंडरच्या तोंडावर दाब देतो, आणि तिथली झडप अजून उघडी असेल तर तो परत आत शिरतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी मिळते. तिला प्रायमरी म्हणतात. या चार नळ्या पुढे कलेक्टरमध्ये एकत्र येतात.

खरी गंमत पुढे आहे. झडप उघडली की दाबाची लाट प्रायमरीतून धावत कलेक्टरपाशी पोहोचते. तिथे वाट एकदम रुंद होते, आणि त्यामुळे कमी दाबाची लाट मागे फिरते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही झडपा थोड्या उघड्या असतात त्या क्षणी ती सिलिंडरपाशी पोहोचली, तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताज्या हवेला आत खेचते. लवकर किंवा उशिरा पोहोचली तर फायदा होत नाही, उलट तोटाही होऊ शकतो. नळीची लांबी आणि व्यास यांवर एवढी चर्चा होते ती याचसाठी.

शॉर्टी, मिड-लेंग्थ की लाँग-ट्यूब?

शॉर्टी हेडर मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसतो आणि पुढचा मूळ पाइप तसाच जोडता येतो. कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) जागचा हलत नाही. बसवायला सोपा, वजनाला हलका. पण नळ्या इतक्या आखूड असतात की रस्त्यावरच्या आरपीएममध्ये (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांमध्ये) लाटेचा खेळ जवळपास होतच नाही. नव्या गाड्यांचे कारखान्यातले मॅनिफोल्ड मुळातच बऱ्यापैकी मोकळे असतात. अशा गाडीवर शॉर्टी लावून मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवू नका. साठच्या दशकातल्या चेपलेल्या, वाकड्यातिकड्या बिडाच्या मॅनिफोल्डच्या जागी तोच शॉर्टी लावला तर मात्र फरक जाणवतो.

लाँग-ट्यूबच्या प्रायमरी साधारण ३० ते ३६ इंच लांब असतात. ताकद वाढते ती इथे, आणि मधल्या आरपीएमलाही टॉर्क वाढतो. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: कन्व्हर्टर मागे सरकतो किंवा जातोच, ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी लांबवाव्या लागतात, गाडीची जमिनीपासूनची उंची कमी होते आणि ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग टाळता येत नाही.

मिड-लेंग्थ ही दोघांमधली तडजोड. लाँग-ट्यूब ज्या चॅसिसमध्ये मावतच नाही, तिथेच तिचा विचार करा.

प्रायमरीचा व्यास किती घ्यावा? मोठा घेतलेला बरा ना?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नळी गरजेपेक्षा रुंद झाली की वायूचा वेग पडतो, कमी आरपीएमची ओढ मंदावते, आणि सिग्नलवरून निघताना गाडी आधीपेक्षा सुस्त वाटते.

अंदाजासाठी एक जुनं सूत्र चांगलं काम देतं. प्रायमरीच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ चौरस इंचात काढा, त्याला ८८,२०० ने गुणा आणि एका सिलिंडरच्या घनइंच क्षमतेने भागा. जो आकडा येईल, साधारण त्या आरपीएमपाशी ती नळी टॉर्कला सगळ्यात जास्त मदत करते. क्षेत्रफळ बाहेरच्या व्यासावरून काढू नका, पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करा.

६.२ लिटरचं एलएस३ घ्या. ३७६ घनइंच, म्हणजे एका सिलिंडरचे ४७. १८ गेजच्या (१.२४ मिलिमीटर जाड पत्र्याच्या) नळीत हिशोब असा येतो:

- १ ५/८ इंच: साधारण ३,४५० आरपीएम
- १ ३/४ इंच: साधारण ४,०००
- १ ७/८ इंच: साधारण ४,६५०
- २ इंच: साधारण ५,३५०

एलएस३चा मूळ टॉर्क ४,६०० आरपीएमच्या आसपास शिखर गाठतो. म्हणून या इंजिनावर १ ७/८, म्हणजे फिटरच्या भाषेत एक इंच सात सूत, हे माप इतकं चालतं. रोजच्या वापराची ऑटोमॅटिक गाडी असेल तर १ ३/४ घेऊनही पस्तावणार नाही. २ इंच हे मोठा कॅम (झडपा उघडणारा दांडा), जास्त क्षमता किंवा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) असलेल्यांचं माप आहे.

जुन्या ३५० घनइंच स्मॉल-ब्लॉक शेव्हीचं (शेव्रोलेच्या लहान आकाराच्या व्ही-८चं) हेच गणित १ ५/८ इंचाला सुमारे ३,७०० आरपीएम देतं आणि १ ३/४ ला ४,३००. सौम्य कॅम आणि कार्ब्युरेटर असलेल्या रस्त्यावरच्या ३५० ला १ ५/८ पुरतो. ४५४ सारख्या बिग-ब्लॉकला २ इंचाच्या आसपासची नळी लागते.

हे सूत्र दिशा दाखवतं, दशांशापर्यंत खरं ठरत नाही. दोन मापांमध्ये अडकलात तर लहान घ्या.

आणि लांबी?

एक्झॉस्ट झडप बॉटम डेड सेंटरच्या (पिस्टन सगळ्यात खाली पोहोचण्याच्या) किती अंश आधी उघडते तो आकडा १८० मध्ये मिळवा. त्याला ८५० ने गुणून हव्या त्या आरपीएमने भागा आणि ३ वजा करा. उत्तर इंचात येतं. झडप ७५ अंश आधी उघडत असेल तर ६,००० आरपीएमसाठी ३३ इंच, ७,००० साठी २८. तयार हेडरमध्ये लांबी निवडायला फारसा वाव नसतो, पण ३० ते ३६ इंचच का, ते यावरून कळतं.

‘इक्वल लेंग्थ’ या शब्दाला फार भुलू नका. स्टीअरिंग शाफ्ट, स्टार्टर आणि फ्रेम चुकवत जाताना चारही नळ्या अचूक सारख्या ठेवणं रस्त्यावरच्या गाडीत क्वचितच जमतं. इंच-दोन इंचांचा फरक तुम्हाला जाणवणार नाही.

४-१ की ४-२-१?

४-१ मध्ये चारही नळ्या थेट कलेक्टरमध्ये येतात. याचा जोर वरच्या आरपीएमला. ४-२-१, म्हणजे ट्राय-वाय, आधी दोन-दोन नळ्या जोडतो आणि मग त्या दोघांना एकत्र आणतो. खालच्या-मधल्या पट्ट्यात टॉर्क जास्त पसरट मिळतो. वजनदार, रोज चालणाऱ्या गाडीला तो शोभतो.

ट्राय-वाय घेताना कोणत्या दोन सिलिंडरची जोडी लावली आहे ते पाहा. क्रॉस-प्लेन क्रँकच्या (९० अंशांवर फाटे असलेल्या क्रँकशाफ्टच्या) व्ही-८ मध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरचे ठोके समान अंतराने पडत नाहीत. एलएसचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-७-२-६-५-४-३. डाव्या बाजूच्या १, ७, ५, ३ मध्ये अंतरं पडतात १८०, २७०, १८० आणि ९० अंशांची, म्हणजे ३ नंतर ९० अंशांतच १ चा ठोका. उजवीकडे तसंच २ आणि ६. या जोड्या एकाच ‘वाय’मध्ये आल्या तर एकीचा धूर दुसरीच्या वाटेत येतो आणि ट्राय-वायचा उद्देशच फसतो. जुन्या स्मॉल-ब्लॉकचा ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ असा वेगळा, त्यामुळे जोड्याही वेगळ्या.

ही असमानता पूर्ण मोडायची तर एका बाजूच्या नळ्या दुसऱ्या बाजूला नेऊन जोडाव्या लागतात. फोर्ड जीटी४० वर इंजिनाच्या पाठीवर जे सापांचं वेटोळं दिसतं ते यासाठीच. पुढे इंजिन असलेल्या मसल कारमध्ये त्याला जागा नसते.

माइल्ड स्टील, ४०९, ३०४: धातू कोणता?

माइल्ड स्टील स्वस्त, वाकवायला सोपं, पण उघडं ठेवलं तर गंजतं. काळा रंग लावून येणाऱ्या हेडरचा रंग पहिल्या काही दिवसांतच जळतो, तो फक्त वाहतुकीपुरता असतो. ४०९ स्टेनलेसमध्ये क्रोमियम कमी. वरून तांबूस होतं, पण सहसा आरपार गंजत नाही. ३०४ स्टेनलेस दिसायला आणि टिकायला उत्तम. तापल्यावर सोनेरी-निळसर झाक येते, तो दोष नव्हे.

३०४ ची एक खोड लक्षात ठेवा: ते तापल्यावर जास्त पसरतं. ८०० मिलिमीटरची नळी ६०० अंश सेल्सिअसने तापली तर ३०४ सुमारे ९ मिलिमीटर वाढतं, माइल्ड स्टील सुमारे ७. ही वाढ सामावून घ्यायला जागा नसेल तर वेल्डपाशी ताण येतो.

जाडी बघताना आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १६ गेज म्हणजे १.६५ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२४. रस्त्यासाठी माइल्ड स्टील घ्यायचं तर १६ गेजच घ्या. फ्लँज (इंजिनाच्या हेडला बोल्टने आवळली जाणारी पट्टी) ३/८ इंच जाड हवी; पातळ फ्लँज उष्णतेने वाकते आणि मग कोणतंही गॅस्केट टिकत नाही.

सिरॅमिक कोटिंगचा खर्च करावा का?

माइल्ड स्टीलवर नक्की. गंज थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता कमी होते. नळीच्या आतूनही कोटिंग असलेला हेडर निवडा.

मात्र नवं बांधलेलं इंजिन कोटिंग केलेल्या हेडरवर ब्रेक-इन करू नका, म्हणजे पहिल्यांदा चालवून रुळवू नका. फ्लॅट-टॅपेट (रोलर नसलेल्या, जुन्या धर्तीच्या) कॅमला सुरू केल्याबरोबर २० ते ३० मिनिटं २,००० ते २,५०० आरपीएमवर ठेवतात. त्यात इग्निशन टायमिंग मागे असेल किंवा मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) असेल तर नळ्या लालबुंद होतात आणि कोटिंगची खपली निघते. तेवढ्या वेळापुरता जुना मॅनिफोल्ड लावा.

हेडर-रॅप गुंडाळला तर?

माइल्ड स्टीलवर नको. पट्टी ओलावा धरून ठेवते, नळी नेहमीपेक्षा जास्त तापते आणि आतल्या आत कुजते. पट्टी सोडली की कळतं. बरेच उत्पादक रॅप केलेल्या हेडरची वॉरंटी नाकारतात. स्टार्टर, ब्रेक लाइन किंवा क्लचची हायड्रॉलिक लाइन वाचवायची असेल तर त्याच भागावर उष्णतारोधक बाही किंवा ढाल लावा.

माझ्या गाडीत बसेल हे कसं ओळखावं?

‘अमुक वर्षाच्या कॅमारोसाठी’ एवढं वाचून पैसे देऊ नका. यादीत गाडी, इंजिन, हेड, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंग या पाचही गोष्टी तुमच्याशी जुळल्या पाहिजेत. नेहमी नडणाऱ्या जागा अशा:

- १९६४½ ते १९७० च्या मस्टँगमध्ये शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर धरणारे उभे खांब) इंजिनाला खेटून असतात. पॉवर स्टीअरिंग असेल तर त्याचा सिलिंडर खाली उतरवणारं ब्रॅकेट अनेकदा लागतं.
- मोपारच्या (क्रायस्लर गटाच्या) ए-बॉडी गाड्यांमध्ये पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) नळ्यांच्या वाटेतच येतात.
- जुन्या मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या पेडलचा जोर पुढे नेणारा झेड-बार डाव्या बाजूच्या नळ्यांना घासतो. ऑटोमॅटिकला बसणारा हेडर मॅन्युअलला बसेलच असं नाही.
- स्मॉल-ब्लॉक शेव्हीच्या हेडमध्ये प्लग सरळ आहेत की तिरपे, यावर प्लगचं बूट (स्पार्कप्लगच्या वायरीची टोपी) नळीला चिकटणार की नाही ते ठरतं.
- स्टार्टर आणि हेडर यांत बोटभर मोकळी जागा हवी. नसेल तर लहान आकाराचा गिअर-रिडक्शन स्टार्टर लावा. नाहीतर गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चावी फिरवली की स्टार्टर कण्हत राहतो.
- ऑइल फिल्टर काढता येतो का? डिपस्टिकची नळी जाते का? प्रत्येक प्लगला पाना लागतो का? हे हेडर बसवल्यावर नव्हे, आधी विचारा.

इंजिन माउंट खचले असतील तर ते आधी बदला. इंजिन एका बाजूला बसलेलं असताना योग्य मापाचा हेडरही फ्रेमला टेकतो, आणि दोष हेडरला मिळतो.

हेडच्या पोर्टशी जुळणी किती काटेकोर हवी?

हेडरचं भोक पोर्टपेक्षा किंचित मोठं चालतं. तो छोटासा पायठा उलट्या प्रवाहाला थोडा अडवतोही. लहान मात्र चालणार नाही. आफ्टरमार्केट हेड असतील तर पोर्ट मूळ जागेपेक्षा वर सरकवलेले नाहीत ना ते पाहा. तसे असतील तर पोर्ट जुळूनही नळ्या वर सरकतात आणि बाकीची सगळी मापं बिघडतात. गॅस्केट आधी हेडवर आणि मग फ्लँजवर धरून पाहा, कुठेही ते भोकात डोकावता कामा नये.

कायद्याचं काय?

अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टनुसार रस्त्यावरच्या गाडीची उत्सर्जन यंत्रणा काढणं किंवा निकामी करणं बेकायदा आहे, गाडी कोणत्याही राज्यातली असो. कन्व्हर्टर काढणारा किंवा जागचा हलवणारा लाँग-ट्यूब बहुधा ‘फक्त रेसिंगसाठी’ म्हणून विकला जातो, आणि त्या शब्दांचा अर्थ तोच आहे.

कॅलिफोर्नियात हेडरला कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे ईओ क्रमांक लागतो. तो ठरावीक मॉडेल, वर्ष आणि इंजिनापुरताच असतो. दुसऱ्या वर्षाच्या गाडीवर तोच हेडर लावला तर क्रमांक उपयोगाचा नाही. सोबत आलेलं लेबल इंजिन-बेमध्ये दिसेल असं चिकटवा, स्मॉग (धूर-प्रदूषण) तपासणीत ते शोधतात. १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांना तिथे स्मॉग तपासणीतून सूट आहे.

वॉरंटीबद्दल: १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ हेडर लावला म्हणून संपूर्ण वॉरंटी रद्द करता येत नाही. पण बिघाड हेडरमुळे किंवा ट्यूनमुळे झाला असं दाखवता आलं तर त्या बिघाडाचा खर्च तुमचा.

ट्यून करायलाच हवं का?

शॉर्टीला बहुधा नाही. लाँग-ट्यूबला हो. शांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू इंधन दुरुस्त करत राहतो. पूर्ण थ्रॉटलला तो सहसा ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तिथेच मिश्रण लीन होण्याचा धोका असतो. वाइडबँडवर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर) तपासल्याशिवाय पेडल तळाला लावू नका. लाँग-टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली कायमची दुरुस्ती) अधिक-उणे १० टक्क्यांच्या बाहेर जात असेल तर आधी गळती शोधा, मग ट्यूनरकडे जा.

कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट (इंधन सोडणारी भोकं) एक-दोन नंबर मोठे लागू शकतात. प्लगचा रंग पाहून ठरवा.

चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी०४२० किंवा पी०४३०. हेडर खराब आहे का?

हेडर नाही. मागचे सेन्सर सांगत आहेत की कन्व्हर्टर अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. कन्व्हर्टर मागे सरकल्याने थंड राहतो, किंवा नवा कन्व्हर्टर कमी प्रतीचा असतो.

पुढचे सेन्सर बसवताना वायरीची बाजू आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर ठेवा, नाहीतर पाणी साचून सेन्सर मरतो. आटे १८ मिलिमीटरचे, पिच १.५. अँटीसीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला कधीच नाही. वाढवलेली वायर नळीपासून लांब बांधा. हेडर बसवल्यानंतरच्या निम्म्या तक्रारी वितळलेल्या वायरीच्या असतात, असं म्हटलं तरी चालेल.

गॅस्केट आणि बोल्ट: काय वापरावं, कोणत्या क्रमाने आवळावं?

एलएसवर कारखान्याची बहुपदरी स्टीलची गॅस्केट हेडरसोबत येणाऱ्या कागदी गॅस्केटपेक्षा कितीतरी बरी. सिलिकॉन सीलंट लावू नका. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर बिघडवू शकते.

जुने बोल्ट काढायच्या आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवा. एलएस आणि हेमी दोन्हीत टोकाचे बोल्ट तुटण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. डोकं उडालं आणि देठ बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करा. वेल्डच्या उष्णतेनेच आटे सुटतात. देठ आत गेला असेल तर डाव्या हाताचं (उलट फिरून कापणारं) ड्रिल-बिट वापरा.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावून घ्या. मग मधून टोकांकडे, दोन फेऱ्यांत. एलएसच्या एम८ बोल्टला शेवटची ओढ २० ते २५ न्यूटन-मीटर, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. हेड ॲल्युमिनियमचं आहे. जोर लावला तर बोल्ट नाही, आटे जातात. इंजिन तापवून पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा तपासा, असं तीनदा. कागदी गॅस्केट दबत जातं, त्यामुळे साधारण १०० मैलांनी आणखी एकदा. गरम असताना पाना लावू नका.

सुरू केल्यावर टिकटिक येते. गॅस्केट गेलं का?

थंड इंजिनावर येते आणि तापल्यावर जाते, तर बहुतेक फ्लँजपाशी गळती आहे. तापल्यावरही तशीच, तर प्लगचं बूट नळीला टेकून जळलं आहे का ते पाहा. अंधारात ठिणगी दिसते. तेही नसेल तर लिफ्टर (कॅम आणि झडप यांमधला भाग).

गळती नेमकी शोधायला थंड गाडीच्या टेलपाइपमध्ये व्हॅक्यूम क्लीनर उलटा, हवा सोडणारा, लावा आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे येतील तिथे गळती. काही दिवस चाललेल्या गळतीपाशी काजळीचा पंखाही दिसतो. ही गळती नुसत्या आवाजाची नसते. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण लीन वाटतं आणि ईसीयू उगाच इंधन वाढवतो.

नळीला वेल्डपाशी तडा गेला. हेडर हलका होता का?

असेल, पण आधी गाडीखाली जा. मागचा सगळा एक्झॉस्ट हेडरला लोंबकळत असेल, कलेक्टरनंतरचा हँगर नसेल किंवा माउंट सैल असतील, तर जाड नळीलाही तडा जातो. कलेक्टरला गोलाकार बॉल-सॉकेट जोड किंवा त्याच्या मागे लवचीक तुकडा असेल तर इंजिनाचे हेलकावे तिथे जिरतात. नुसता तडा वेल्ड केला आणि हँगर लावला नाही, तर तो शेजारी पुन्हा येतो.

सुपरचार्जर आहे, वेगळं काही?

वायूचं प्रमाण जास्त, म्हणून १ ७/८ ते २ इंच. लांबीचं गणित इथे तितकं कळीचं नाही. बूस्टचा (दाबून भरलेल्या हवेच्या दाबाचा) आकडा आधीपेक्षा थोडा कमी दिसला तर घाबरू नका. इंजिन मोकळं झालं की तीच हवा कमी दाबाने आत जाते. टर्बोचे हेडर वेगळे असतात, यातलं फार काही त्यांना लागू होत नाही.

कॅम मूळचाच आहे. तरी लाँग-ट्यूब घेण्यात अर्थ आहे का?

आहे, पण मर्यादित. मूळ कॅममध्ये ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा काळ, कमी असतो (एलएस३चा लोब सेपरेशन अँगल ११७ अंश आहे; हा कोन मोठा तर ओव्हरलॅप कमी), त्यामुळे परत फिरणाऱ्या लाटेला काम करायला वेळच थोडा मिळतो. पुढे कॅम बदलायचा बेत असेल तर हेडर आत्ताच त्या कॅमच्या हिशोबाने घ्या आणि ट्यून दोन्ही झाल्यावर एकदाच करा.

वापरलेला हेडर घेताना काय बघावं?

फ्लँजवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. पाव मिलिमीटरची पाती सरकली तर फ्लँज घासून सपाट करावी लागेल. त्याहून जास्त असेल तर सोडून द्या. सेन्सरच्या भोकातले आटे, कलेक्टरच्या मधला वेल्ड आणि पहिल्या वळणाची खालची बाजू उजेडात धरून पाहा. नळीला एखादा चेप असेल तर किमतीत घासाघीस करा, ताकदीत त्याने फारसा फरक पडत नाही. बोल्ट आणि गॅस्केट मात्र नवेच घ्या.